गरम पाण्याच्या लाइनीत यूपीव्हीसी नको!

भिलाई-दुर्गमध्ये घर बांधणाऱ्या, क्वार्टरची दुरुस्ती काढणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

आपल्या भागात घर तापवावं लागत नाही, पौष-माघात आंघोळीचं पाणी तेवढं तापवावं लागतं. त्यासाठी गच्चीवर सोलर येतो, न्हाणीघरात गीझर लागतो. किती लिटरचा घ्यायचा, कुठल्या कंपनीचा, यावर घरात खल होतो. ते पाणी नळापर्यंत आणणारा पाइप मात्र ठेकेदार ठरवतो. तो पाइप तुम्ही ठरवा, आणि भिंतीला प्लास्टर चढण्याआधी ठरवा.

थंड पाण्यासाठी पांढरा यूपीव्हीसी उत्तम. पण तो ४५ अंशांपुढच्या पाण्यासाठी बनलेलाच नाही, आणि गीझरचं पाणी सहज ६०च्या घरात असतं. पाइप नरम पडतो, सांधा सुटतो, ओल टाइलमागे पसरते. गरम पाण्यासाठी आहे तो फिकट पिवळसर सीपीव्हीसी, मानक आयएस १५७७८. त्यातला एसडीआर ११ चा पाइप ८२ अंशांलाही सुमारे ७ किलोचा दाब पेलतो. दोन्हींचे रंग इतके जवळचे आहेत की भिंत बुजल्यावर कुणाला काही कळत नाही. याचाच फायदा घेतला जातो. दोन्हींची मापं वेगळी असल्याने फिटिंग बसत नाही, मग पाइप ज्योतीवर शेकून एकात एक घुसवला जातो. असं करताना दिसलं की काम तिथेच थांबवा.

‘लोखंडाच्या गावात प्लास्टिक कशाला?’ असं आपले निवृत्त काका विचारतात. १९५९ साली पहिली भट्टी पेटली तेव्हापासून घडलेल्या या गावाचा हा अभिमान मलाही आहे. पण भिलाईचा कारखाना रूळ आणि प्लेटांसाठी ओळखला जातो, नळाच्या पाइपांसाठी नाही. आणि जीआयची जस्ताची कल्हई ६० अंशांच्या आसपास लोखंडाला हवं तसं राखत नाही. त्यात आपली जमीन चुनखडीची. नंदिनीच्या खाणीतून कारखान्याला जातो तो हाच दगड. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार धरतं आणि जीआयचा अर्ध्या इंची पाइप आतून अरुंद होत जातो. जुन्या क्वार्टरचं न्हाणीघर नवं करताना टाइल बदलून गरम पाण्याची जुनी जीआय लाइन तशीच ठेवणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं.

हिरवा पीपीआर चांगला आहे. मात्र त्याचा सांधा २६० अंशांच्या मशीनवर वितळवून करावा लागतो. मशीन आणि हात बसलेला माणूस दोन्ही असतील तरच घ्या. सीपीव्हीसीचा एल्बो सुपेल्यात, पॉवर हाउसला, दुर्गला कुठेही मिळतो आणि दुरुस्ती त्याच दिवशी होते. माझा कौल म्हणूनच सीपीव्हीसीला.

पण सीपीव्हीसीलाही मर्यादा आहे, ९३ अंशांची. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलात तर सोलरच्या टाकीतलं पाणी उकळीला टेकतं. म्हणून टाकीतून निघणारा पहिला तुकडा तांब्याचा किंवा जीआयचा ठेवा. तो उघड्यावर असतो, बदलता येतो. तिथून पुढे सीपीव्हीसी. पाणी ४० अंशांनी तापलं की १० मीटरची सरळ लाइन सुमारे २५ मिलिमीटर लांबते. गच्चीवर तिला वळण द्या, क्लॅम्प करकचून आवळू नका, उन्हापासून झाका. आट्यांच्या जोडाला पितळी आटे असलेलंच फिटिंग आणि टेफ्लॉन टेप वापरा. सफेदा-सुतळी नको, त्यातलं तेल सीपीव्हीसीला मारक आहे. पाइप, फिटिंग आणि सोल्युशन एकाच कंपनीचं, आणि सोल्युशन सीपीव्हीसीचंच.

ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये नुसतं ‘प्लंबिंग पाइप’ लिहिलेलं मान्य करू नका. ‘गरम लाइन: सीपीव्हीसी, एसडीआर ११, आयएस १५७७८’ असं लिहून घ्या आणि पाइपवरचा छाप स्वतः वाचा. शेवटचा सांधा जोडून चोवीस तास झाले की लाइनीत पाणी भरा, हातपंपाने १० किलोचा दाब द्या, तासभर काटा बघा. हवेच्या कॉम्प्रेसरने टेस्ट करू देऊ नका, पाइप फुटून तुकडे अंगावर येतात. काटा उतरला तर गळका सांधा कापून नवा घाला आणि पुन्हा तासभर थांबा. तोवर टाइलवाल्याला बोलावू नका.