ऋण काढून सण किती दिवस?

तापीच्या दक्षिण तीरावर जैनाबाद, पैलतीरी बऱ्हाणपूर. त्या शहरासाठी अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारी वाटेने आणले गेले. तो कुंडी भंडारा चारशे वर्षांनंतरही वाहतो आहे. सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा, हे शिकण्यासाठी आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही.

या कसोटीवर भोपाळच्या तिजोरीची आज काय अवस्था आहे? मार्च २०२५ अखेर मध्य प्रदेशावरील कर्ज चार लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. २०११ च्या जनगणनेतील सव्वासात कोटी लोकांत ते वाटले, तर पाळण्यातल्या मुलासकट प्रत्येकाच्या माथी पन्नास हजारांहून अधिक रुपये येतात. २००५ च्या कायद्याने राजकोषीय तुटीला मूळ मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांची घातली होती. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी ती ४.६६ टक्के धरली. महसुलाच्या दर दहा रुपयांतील सुमारे एक रुपया केवळ व्याजात जातो.

सरकार सांगते की, महसुली खात्यावर शिल्लक आहे आणि कर्ज रस्ते-धरणांसाठीच आहे. ही शिल्लक तरी केवढी? त्याच अंदाजपत्रकात ती अवघी ६१८ कोटींची! २०२३ साली लाडली बहना योजनेची रक्कम दरमहा १००० वरून १२५० रुपये झाली. सव्वा कोटी भगिनींच्या हिशेबाने या एकाच वाढीचा वार्षिक बोजा पावणेचार हजार कोटींच्या घरात जातो, म्हणजे त्या शिलकीच्या सहापट. अशी शिल्लक एका घोषणेसरशी वाहून जाईल.

आमचा रोष त्या भगिनींवर मुळीच नाही. त्या पैशातून गरिबाच्या घरी तेल-मीठ येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. परंतु आज आईच्या हाती पडणाऱ्या रकमेची फेड उद्या तिच्याच लेकराकडून व्याजासह होणार असेल, तर ते साहाय्य नव्हे, ती उसनवारी होय. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये हाच कित्ता गिरविला आणि त्याचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले. तेव्हा हा दोष एका राजधानीचा नाही.

आमच्या केळीवाल्या शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र ठाऊक आहे. ठिबकसाठी तो कर्ज काढतो, कारण पुढच्या पिकातून ते फिटते. रोजच्या दाण्यासाठी जो सावकाराकडे जातो, त्याचे शेत एक दिवस जाते.

म्हणून आमच्या मागण्या तीन. नवी योजना जाहीर होताना तिच्या खर्चाची तरतूद कोणत्या उत्पन्नातून, हे त्याच दिवशी सांगितले जावे. अंदाजपत्रक मागाहून फुगविणाऱ्या पुरवणी मागण्यांना आपत्तीचा अपवाद सोडून कडक मर्यादा असावी. आणि प्रत्येक कर्जातून कोणत्या जिल्ह्यात कोणते काम उभे राहिले, ते केव्हा फिटणार, याचा तक्ता दरवर्षी विधानसभेपुढे यावा.

मत मागण्यास येणाऱ्यास मतदाराने आता एवढेच विचारावे : देणार काय ते कळले, फेडणार कोण, ते सांगा!