विमापत्राची भाषा कोणाच्या बाजूची?

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले, सर्वसाधारण विम्याचे १९७३ साली. जनतेची बचत नफेखोरांच्या मुठीतून सोडवून समाजाच्या कामी लावावी, ही त्यामागची भूमिका होती. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलाला दार पुन्हा उघडून दिले. आज जाहिरात गोड मराठीत येते आणि करार मात्र बहुधा अगम्य इंग्रजीत.

‘सही करण्यापूर्वी वाचावे’ हा उपदेश म्हणजे शुद्ध ढोंग आहे. ज्या करारातील एक शब्दही कामगाराला बदलता येत नाही, तो वाचून त्याने काय करावे? खोलीभाड्याची मर्यादाच पाहा. मर्यादा रोज ५,००० रुपयांची आणि घेतलेली खोली १०,००० ची. कामगाराला वाटते, आपल्या पदरचे जाणार ते खोलीभाड्यातील फरकापुरते. पण विमापत्रात ‘प्रमाणशीर कपाती’चे कलम असेल, तर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा आकार यांवरही तीच कात्री चालते. त्यांचे १,२०,००० झाले, तर कंपनी देणार ६०,०००. ‘को-पे’ म्हणजे प्रत्येक दाव्यातील ठरावीक हिस्सा रुग्णाने सोसायचा. ‘प्रतीक्षा काळ’ म्हणजे हप्ता घ्यायचा, पण आधीपासूनच्या आजाराचा खर्च द्यायचा नाही. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो.

काही साथी म्हणतात, आरोग्य हा हक्क आहे. मग बाजाराची परिभाषा आपण लोकांना का शिकवावी? हक्काची मागणी बिनतोडच आहे. परंतु ती पदरात पडेपर्यंत रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण काय सांगणार? कायद्यात त्याच्या बाजूचेही शब्द आहेत. आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला, की माहिती दडवल्याचे निमित्त करून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आयुर्विम्यात २०१५ पासून तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने विमापत्रावर आक्षेप घेता येत नाही. शिवाय विमा लोकपालाकडे दाद मागण्यास शुल्क लागत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने विमापत्रांच्या सामुदायिक वाचनाची बैठक घ्यावी, करार सोप्या मराठीतच मिळावा अशी मागणी लावून धरावी आणि सार्वजनिक रुग्णालयांचा लढा अधिक तीव्र करावा. सरकारी दवाखाना जेथे ओस पडतो, तेथेच विम्याचे दुकान थाटले जाते, हे विसरता कामा नये.