सहल : घरच्या मोटारीनें कीं चार घरें मिळून?

श्रावण लागला म्हणजे खेड, मावळ व जुन्नर या तालुक्यांतील शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. मावळांत व खेडच्या पश्चिम पट्टींत भाताची लावणी आटोपलेली असते, डोंगर हिरवे होतात, धबधबे वाहूं लागतात, आणि घरांतील मुलें ‘कोठें तरी फिरावयास नेा’ म्हणून पाठीस लागतात. यांत वाईट असें कांहींच नाहीं. जो मनुष्य वर्षभर मातीकडे पाहून मान मोडतो, त्यानें दोन दिवस मान वर करून डोंगर पाहिला तर ती चैन ठरत नाहीं. प्रश्न आहे तो जावें कसें याचा. घरची मोटार स्वतः चालवीत जावें, कीं तीन-चार घरांनीं मिळून परवान्याची लहान गाडी व धंद्याचा चालक ठरवून जावें? या प्रश्नावर आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मोटार घरोघर कशी आली हें सांगावयास नको. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० सालीं झाली, १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि पुढें कारखान्यांची रांग भोसरी ओलांडून चाकण-म्हाळुंग्यापर्यंत येऊन पोंचली. कोणाची जमीन संपादनांत गेली, कोणाचा मुलगा कारखान्यांत लागला, आणि ज्या अंगणांत बैलजोडी बांधीत तेथें मोटार उभी राहिली. दाराशीं मोटार असतां भाड्याच्या गाडीला पैसे कां मोजावे, असा सवाल पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. सवाल बिनतोड वाटतो. परंतु त्याचा हिशेब पुरा कोणी मांडीत नाहीं.

प्रथम घरच्या मोटारीचे गुण प्रांजळपणें सांगितले पाहिजेत. पहाटेची धार काढून निघावें आणि सांजच्या धारेला परत यावें, हें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या गाडींत नाहीं. म्हातारी आई थकली तर सावली पाहून थांबतां येतें. तान्हें मूल रडूं लागलें तर कोणाची बोलणीं खावीं लागत नाहींत. म्हणून जवळच्या आणि सपाटीच्या वाटेला आमचा कौल मोटारीलाच आहे. देहू, आळंदी, किंवा शिरूर-पारनेरच्या हद्दीवर कुकडीच्या पात्रांत पडलेले निघोजचे रांजणखळगे, अशा ठिकाणीं घरच्या गाडीनें जावें आणि दिवस मावळण्यापूर्वीं परत यावें.

घाटाची गोष्ट निराळी. भीमाशंकरचें उदाहरण घेऊं. तेथील सुमारें १३० चौरस किलोमीटरचें रान १९८५ सालीं अभयारण्य म्हणून राखिलें गेलें, आणि आपल्या राज्याचा मानाचा प्राणी जो शेकरू तो तेथल्या झाडांवरून उड्या घेतो. भीमा तेथेंच उगम पावते, आणि तिचेंच पाणी चासकमानच्या धरणांत अडून कालव्यानें खेड व शिरूरच्या शिवारांत येतें. ज्या पाण्यावर आपला कांदा पिकतो त्याचा उगम शेतकऱ्यानें पाहिला पाहिजे. परंतु स्टेअरिंगवर बसलेल्यास यांतील काय दिसतें? धुक्यांतून येणारा समोरचा दिवा, ओलें वळण आणि पाण्यानें भरलेला खड्डा, एवढेंच. त्यानें शेकरूकडे नजर टाकावी तर मागें बसलेल्या पांच जिवांचा धोका. न टाकावी तर तो सहलीस आलाच नाहीं असें होतें. घरांतील कर्ता मुलगा, ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, तोच नेमका सर्वांची हमाली करून परत येतो.

शिवाय तो मुलगा कोणत्या स्थितींत गाडीवर बसतो तेंही पहावें. आमच्या पट्ट्यांत घरटी एक तरी मनुष्य पाळीच्या कामावर आहे. रात्रपाळी संपवून सकाळीं आलेला मुलगा आंघोळ करून तसाच घाट चढावयास निघतो, आणि घरच्यांस त्याचें कौतुक वाटतें. धंद्याच्या चालकासाठीं १९६१ च्या कायद्यानें साधारणतः दिवसास आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि पांच तास काम झाल्यावर निदान अर्धा तास विश्रांति सांगितली होती. घरच्या मुलासाठीं असा कायदा कोणी केलेला नाहीं; तो आईबापांनींच केला पाहिजे. घाटांत अरुंद जागीं उतरणाऱ्या गाडीनें थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, आणि उतारावर खालचा गिअर ठेवून ब्रेकवरील भार हलका करावा, या साध्या गोष्टीही सपाटीवर गाडी शिकलेल्यास अंगवळणीं पडलेल्या नसतात. जो चालक नित्य घाट चढतो-उतरतो, त्याच्या हाताला त्या न सांगतां कळतात.

आतां खर्च. चाकणहून जाऊन-येऊन १८० किलोमीटरची वाट धरूं, आणि मंडळी पंधरा. तीन मोटारी लागतील. एका लिटरांत १५ किलोमीटर धरले तर प्रत्येकीस १२ लिटर, म्हणजे एकंदर ३६ लिटर इंधन जळेल. तीच मंडळी सतरा आसनांच्या एका गाडींत बसली, आणि ती गाडी लिटरास १० किलोमीटर चालली, तर १८ लिटरांत काम होईल. वांचलेल्या १८ लिटरांतून चालकाची मजुरी व गाडीमालकाचें भाडें पुरें फिटेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घरच्या मोटारीचे टायर, ब्रेक, बँकेचा हप्ता आणि मुलाचा श्रम हे आंकडे हिशेबांत कोणी धरीत नाहीं, म्हणून ती फुकट वाटते. बैलाची वैरण घरची म्हणून बैल फुकट पडतो असें कोणता शेतकरी म्हणेल?

मंडळी मिळून जाण्यांतही दोष आहेत; ते झांकून ठेवणें बरें नव्हे. एकाला उठावयास उशीर झाला कीं चौदाजण खोळंबतात. एकाला उपवास, दुसऱ्याला मटण, तिसऱ्याला गुडघेदुखी. कांहीं सहलवाले दहा ठिकाणांची यादी छापतात, प्रत्येक ठिकाणीं घटकाभर उतरवितात, आणि जेथें त्यांची दस्तुरी ठरलेली असते त्या दुकानापुढें मात्र तासभर थांबतात. असल्या सहलीपेक्षां घरीं बसलेलें बरें. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, मंडळी आपली आपण जमवावी. बारा ते पंधरा माणसें, एकमेकांचे स्वभाव जाणणारीं; दिवसाला एक किंवा फार तर दोन ठिकाणें; आणि निघण्यापूर्वीं एक मुखत्यार नेमावा, ज्याचा शब्द सर्वांनीं मानावा.

गाडी ठरवितांना तिचा सातबारा पहावा. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून आम्ही त्याच भाषेंत सांगतों. जमीन घेतांना आपण कब्जेदार कोण, इतर हक्कांत बोजा कोणाचा, हें पाहतों. तसेंच गाडीचें परवानापत्र, योग्यतेचा दाखला, विमा व चालकाचें लायसन हे चार कागद पहावे. भाड्याच्या गाडीच्या पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें असतात. खाजगी मोटारीची पाटी पांढरी असते. स्वतः चालविण्यासाठीं भाड्यानें मिळणाऱ्या मोटारीची पाटी काळी व अक्षरें पिवळीं असतात. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची मोटार पैसे देऊन नेणें स्वस्त पडतें खरें, परंतु खाजगी मोटारीचा विमा भाड्याच्या वापरासाठीं नसतो. कांहीं बरें-वाईट झालें तर विमा कंपनी हात वर करील, आणि दोन शेजारी जन्माचे वैरी होतील.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोटार कीं मंडळी हा वाद ज्यांच्या दाराशीं मोटार आहे त्यांचा. आमच्या वाड्यावस्त्यांवर तिसराच मार्ग रूढ आहे: कांद्याच्या गोण्या नेणारा पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं, श्रावणी सोमवारीं, आपल्याच खेड तालुक्यांत पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या स्त्रियांचा पिकअप घाटाच्या चढावर कोसळला, आणि एकाच गांवच्या अनेक घरांतील चुली विझल्या. मालाच्या गाडीचा हौदा गोण्यांसाठीं केलेला असतो. त्यांत धरावयास दांडी नाहीं, बसावयास आसन नाहीं, आणि माणसें उभीं राहिलीं कीं सारा भार वर येऊन चढावर गाडीचा तोल जातो. कायद्याचाही आधार नाहीं. मालाच्या गाडींत फुकट बसलेल्या उतारूंची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें २००२ च्या डिसेंबरांत आशा राणी यांच्या खटल्यांत दिला आहे. वारसनोंदीचे कितीतरी अर्ज आमच्या हातांखालून गेले. त्यांत मयताचा दिनांक लिहिलेला असे. भाड्याचे थोडे पैसे वांचविण्यापायीं तो दिनांक आला, हें कोणत्याही रकान्यांत लिहिलेलें नसे. तें फक्त अर्ज घेऊन आलेल्या पोराच्या तोंडावर वाचावें लागे.

गाडी चांगली मिळाली म्हणजे सर्व झालें असेंही नाहीं. १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं, मावळांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानें कोसळून चार माणसें गेलीं. त्याच्या आदल्या वर्षीं, ३० जून २०२४ रोजीं, तोही रविवारच, लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांचजण वाहून गेले. मुखत्यार हवा तो अशा जागीं ‘येथें उतरावयाचें नाहीं’ असें सांगण्यासाठीं. आणि रविवारींच कां जावें? आमच्या पट्ट्यांतील पुष्कळ कारखान्यांची सुटी गुरुवारीं असते. शेतकऱ्याला तर सर्व वार सारखेच. गर्दीचा वार टाळण्याची सोय आपल्याला आयतीच मिळालेली आहे.

तात्पर्य, आमचा निवाडा असा: सपाटीची व दिवसाउजेडीं संपणारी वाट असेल तर घरची मोटार, पावसाळ्यांतील घाट किंवा मुक्कामाची सहल असेल तर चार घरें मिळून परवान्याची गाडी, आणि मालाची गाडी कधींही नव्हे, मग काम देवाचें कां असेना. गरीब घरांनीं एस. टी. विसरूं नये, १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिच्या भाड्यांत निम्मी सवलत मिळूं लागली आहे.

राहिली गोठ्याची अडचण. घर सोडून जावें तर धार कोण काढील, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचें उत्तर आपल्या मावळांत फार जुनें आहे. भाताची लावणी आपण सावडीनें करतों. आज तुझ्या खाचरांत, उद्यां माझ्या. तशीच गोठ्याची सावड करावी. या आठवड्यांत चार घरें जावीं, मागें राहिलेल्या चार घरांनीं त्यांचीं जनावरें पहावीं, आणि पुढील आठवड्यांत उलट व्हावें. आमच्या संघानें आषाढांतील सभेंत अशा मंडळ्यांची नोंद घ्यावी आणि कागदपत्रें पाहिलेल्या चार-दोन गाडीवाल्यांचीं नांवें फलकावर लावावींत, अशी आमची सूचना आहे. याला पैसा लागत नाहीं. एक वही व एक कारकून पुरे. कारकुनी करावयास आम्ही तयार आहोंत.