थांबवलेली पेशी

तलमडुगूसारख्या गावी गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा कंटेनर लागतो. आत उणे १९६ अंश! ग्लिसरॉलच्या आधाराने रेतपेशी तिथे वर्षानुवर्षे टिकतात. सूक्ष्मदर्शकालाही अशीच थंडी हवी. आपल्या कायम स्लाइडमधली पेशी रसायनाने मारलेली. त्यात तिची मूळ ठेवण बिघडते. सावकाश गोठवावी तर बर्फाचे स्फटिक तिला फाडतात. झाक द्युबोशे यांनी १९८० च्या दशकारंभी पाण्याचा पातळ थर द्रव इथेनमध्ये क्षणार्धात गोठवला. स्फटिक न होता काचच झाली, आतले सारे जागच्या जागी. या कामाला २०१७ चे नोबेल मिळाले (आणखी दोघांसह). आम्ही मात्र अजून कांद्याच्या पापुद्र्यावरच! प्राध्यापकांनी पशुवैद्यांना विनंती करून तो कंटेनर एकदा वर्गात आणावा, एक पाकळी बुडवून दाखवावी. चष्मा नि हातमोजे मात्र आधी.