नामधारी राजा आणि खरी जोखीम

घटनाबद्ध राजसत्तेची तरफदारी करणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्यांत अद्यापि पुष्कळ आढळतात. पक्षोपपक्षांच्या धुळवडीला विटून ते म्हणतात कीं, राजा कोणत्याहि पक्षाचा नसतो. एरव्हीं तो राज्यकारभार मंत्र्यांवर सोंपवितो आणि आणीबाणीच्या वेळीं मात्र घटनेचा पहारेकरी होतो. विद्यार्थिदशेंत बॅजटचा इंग्लंडच्या राज्यघटनेवरील १८६७ सालचा ग्रंथ वाचतांना आम्हांसहि हा पक्ष बिनतोड वाटला होता. पुढें इतिहास पाहिल्यावर तो तसा वाटेनासा झाला.

या पक्षाचें हुकमी उदाहरण म्हणजे स्पेन. २३ फेब्रुवारी १९८१ रोजीं लेफ्टनंट कर्नल तेहेरो यानें सशस्त्र शिपायांनिशीं कनिष्ठ सभागृहांत घुसून लोकप्रतिनिधींना ओलीस धरिलें. मध्यरात्र उलटल्यावर राजा हुआन कार्लोस सरसेनापतीच्या पोशाखांत दूरचित्रवाणीवर आला व आपण लोकशाहीच्या बाजूस असल्याची ग्वाही त्यानें दिली. बंड फसलें. त्याचें हें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु त्याच सिंहासनावर पूर्वीं त्याचाच आजोबा, तेरावा आल्फोन्सो, बसला होता. सप्टेंबर १९२३ मध्यें जनरल प्रिमो दे रिव्हेरा यानें बंड उभारलें, तेव्हां या घटनाबद्ध राजानें बंडखोराच्याच हातीं सरकार दिलें व १८७६ ची घटना गुंडाळली गेली. त्याच्या आदल्याच वर्षीं इटलींत मुसोलिनीचे अनुयायी रोमवर चालून येत असतां मंत्रिमंडळानें लष्करी कायद्याचा हुकूम राजापुढें ठेविला; तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलनें सही नाकारिली आणि मुसोलिनीसच प्रधानपदीं बोलाविलें.

स्पेनमध्यें कुल तेंच, सिंहासन तेंच. पण नातू जागा राहिला आणि आजोबानें स्वहस्तें दार उघडलें. मग १९८१ सालीं लोकशाही राखली ती राजपदानें, कीं एका व्यक्तीच्या स्वभावानें? आणि स्वभाव कांहीं वारसाहक्कानें मिळत नाहीं.

राजाला अधिकारच देऊं नये, असें कोणी म्हणेल. स्वीडननें तसेंच केलें आहे. १९७५ पासून अमलांत आलेल्या घटनेप्रमाणें तेथील राजा प्रधान नेमीत नाहीं कीं कायद्यावर सही करीत नाहीं. तेथें राजापासून भय नाहीं हें खरें. पण मग आणीबाणींतला आधारहि नाहीं. आमच्या मित्रांनीं दोहोंपैकीं एक काय तें पत्करावें. राजाला अधिकार असेल, तर राष्ट्राचें भवितव्य जन्माच्या सोडतीवर लागतें. नसेल, तर तो पहारेकरी नव्हे, भिंतीवरची तसबीर होय.

निवडलेले अध्यक्षहि चुकतात, हें आम्हांस मान्य आहे. १९३३ सालीं हिटलरला चॅन्सेलर नेमणारा हिंडेनबर्ग लोकांनींच निवडलेला होता. तथापि अध्यक्षाची मुदत संपते व त्याला जाब विचारण्याची सोय घटनेंत करितां येते. उलट स्पेनची १९७८ ची घटनाहि राजाला कोणापुढेंहि उत्तरदायी धरीत नाहीं.

पक्षांच्या भांडणांचा उबग आम्हांसहि येतो. परंतु तेवढ्यासाठीं २६ जानेवारी १९५० रोजीं आपण ज्या मुकुटाचा निरोप घेतला, त्याच्यासाठीं उसासे टाकणें म्हणजे नागरिकाचें काम दुसऱ्याच्या मुलावर ढकलणें होय. आणि तें मूल कसें निघेल, हें त्याच्या आईबापांसहि ठाऊक नसतें.