जठरातला म्युकर : संशय कधी घ्यायचा?

पोटात जळजळ झाली की ‘पित्त झालंय’ म्हणायचं आणि गोळी घ्यायची, ही आपली रीत. शंभरात नव्व्याण्णवांचं त्यात भागतंही. प्रश्न उरतो तो ज्याचं भागत नाही त्या रुग्णाचा.

म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर बुरशीचा संसर्ग, हा शब्द २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी पोचला. जूनअखेर देशात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. बहुतेकांच्या नाकात, सायनसमध्ये किंवा डोळ्यांत ही बुरशी होती. क्वचित ती जठरातही शिरते, आणि तिथे बाहेरून दिसणारी खूण नसते. पोटदुखी, उलट्या, कधी रक्ताची उलटी, एवढंच. तितकाच दुर्मीळ दुसरा आजार म्हणजे जिवाणूंमुळे जठराच्या भिंतीत पू होणं. त्यात स्ट्रेप्टोकॉकस हा नेहमीचा गुन्हेगार.

अशा रुग्णांची दुर्बिणीची तपासणी लगेच करावी, असं एक मत आहे. म्युकर रक्तवाहिन्यांत घुसतो, ऊती काळी पडून मरते, उशीर जिवावर बेततो. हे म्हणणं खरं आहे. पण दुसरी बाजूही पोकळ नाही. प्रत्येक पोटदुखीला दुर्बीण लावायची तर रांगेत खरे गरजूच मागे पडतील. शिवाय जुन्या अल्सरवर बुरशी नुसती वरवर वाढलेलीही असू शकते. तेवढ्यावरून बुरशीविरोधी अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू केलं, तर मूत्रपिंडांना इजा आणि पोटॅशियमची घसरण पदरात पडते.

म्हणून तपासणी सरसकट नको, निवडून हवी. साखर आटोक्याबाहेर गेलेला मधुमेही, अवयव बदललेला, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा रुग्ण असेल आणि ताप, असह्य दुखणं किंवा रक्ताची उलटी असेल, तर गोळी बदलत बसू नये. सीटी स्कॅनमध्ये जाड झालेली भिंत किंवा भिंतीतला वायू दिसतो. अर्थात वायू दिसला म्हणजे संसर्गच असं नाही. जोराच्या उलट्यांनी किंवा नाकातून घातलेल्या नळीनेही तो शिरतो. निर्णय रुग्णाकडे पाहूनच घ्यावा लागतो.

औषधाच्या बाबतीतही एकच माप चालणार नाही. जिवाणूंचा दाट संशय असेल तर रक्ताचं कल्चर घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू करावं. चूक झाली तरी नुकसान थोडं. अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी मात्र शक्यतो ऊतीत घुसलेल्या बुरशीचा पुरावा हवा. रुग्ण खालावत असेल, तर दुर्बिणीतून जठराचा तुकडा घेऊन अहवालाची वाट न पाहता सुरुवात करणं समर्थनीय ठरतं.

सगळं अडतं त्या तुकड्यापाशी. पू खोल थरात असतो आणि वरचं अस्तर कधी धडधाकट दिसतं, त्यामुळे वरवरचा तुकडा फसवतो. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले, तर त्यांचं कल्चर होत नाही. एक भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. तो प्रयोगशाळेत वाटला तर म्युकरचे नाजूक तंतू मरतात, म्हणून बारीक कापायचा असतो. चिठ्ठीवर ‘म्युकरचा संशय’ लिहिलं नाही, तर हे तिथल्या माणसाला कळणार कसं? पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर रुंद, जवळपास काटकोनात फुटणारे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. बुरशी शोधणाऱ्या बीटा-डी-ग्लुकनच्या रक्ततपासणीत म्युकर सहसा सापडत नाही. ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

दुर्बीण प्रत्येक तालुक्याला मिळेपर्यंत वेळ जाईल. धोक्यातला रुग्ण वेळेत पुढे पाठवायचा नियम आणि तुकड्यासोबत नीट लिहिलेली चिठ्ठी, एवढं मात्र आजपासून मागता येईल.