मरणाला सहा गुण

पक्षाघाताचा रुग्ण किती सावरला, हे डॉक्टर ‘मॉडिफाइड रँकिन स्केल’वर मोजतात. 0 म्हणजे काही त्रास नाही, 5 म्हणजे अंथरुणाला खिळलेला, 6 म्हणजे मृत्यू. याची कुणी सरासरी काढली की माझं डोकं फिरतं. 0 वरून 1 आणि 5 वरून 6, हे अंतर सारखंच?

दुसरी खोड आणखी वाईट: 2 पर्यंत ‘बरे’, पुढचे सगळे ‘वाईट’. मग अंथरुणातला माणूस दुसऱ्याच्या आधाराने चालू लागला, तरी हिशेबात तो होता तिथेच!

पीटर मॅकला यांनी 1980 मध्येच क्रमवार उत्तरांसाठी रिग्रेशन मांडलं. ते प्रत्येक पायरीवर विचारतं: इथवर किंवा याहून बरं राहण्याची शक्यता किती? पायऱ्यांमधलं अंतर गृहीत धरत नाही. उपचाराने पारडं प्रत्येक पायरीवर सारखंच झुकावं, ही त्याची अट तपासावी लागते, हे मान्य. पण तेवढे कष्ट नकोत म्हणून त्या माणसाचं चालणं खोडून टाकायचं?